बेदाणा, सीमा आणि विक्रीकर



अग्रणी नदी आमच्या कवठे महांकाळ तालुक्यांतून वाहत खालीं अथणीकडे जाते. वाटेंत एके ठिकाणीं महाराष्ट्र संपतो आणि कर्नाटक सुरू होतो. पण नदीला कोणी अडवून विचारीत नाहीं, कीं बाई, तुझें पाणी कोणत्या राज्याचें? बेदाण्याची गोष्ट निराळी आहे. बेदाण्याचे खोके अथणीच्या वाटेला लागले, कीं लागलीच प्रश्न उभा राहतो, कीं यांवरचा विक्रीकर कोणाचा? जेथून माल निघाला त्या राज्याचा, कीं जेथें तो खाल्ला जाणार त्या राज्याचा? आणि तेच खोके अथणीस न जातां समुद्रापलीकडे रॉटरडॅम बंदराला गेले तर?

प्रश्न दिसावयास कारकुनी आहे. परंतु त्याचें उत्तर नीट ठाऊक नसल्यामुळें आमच्याकडचे कित्येक लहान व्यापारी सीमेपलीकडे माल पाठविण्यास धजत नाहींत. मोठ्या पेढीच्या पदरांत माल टाकून ते मोकळे होतात, आणि सीमा ओलांडण्यांत जो दोन पैशांचा नफा असतो तो दुसऱ्याच्या गल्ल्यांत जातो. दुसरीकडे कांहीं उत्साही तरुण मागचा पुढचा विचार न करतां माल रवाना करतात, आणि वर्ष दोन वर्षांनीं खात्याची नोटीस हातीं आली म्हणजे वकिलाचें घर शोधूं लागतात. मला वाटतें, या दोघांच्याहि अडचणीचें मूळ एकच आहे. कर कोणाचा, हा एक प्रश्न. आणि तो भरावयाचा कोठें, हा दुसरा. हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत. त्यांची गल्लत व्यापारी करतात तशी सरकारेंहि करीत आलीं आहेत, आणि त्या गल्लतीचा इतिहास आपल्या देशांत व युरोपांत आश्चर्य वाटावें इतका सारखा आहे.

प्रथम बेदाण्याची थोडी ओळख करून देतों, कारण शहरांतील श्रोत्यांना तो बहुधा खिरींतच भेटतो. आमच्या भागांत पाऊस कमी, हवा कोरडी आणि वारा भरपूर. हें दुर्दैव बेदाण्याच्या पथ्यावर पडतें. द्राक्षांचे घड पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइल यांच्या पाण्यांत बुडवून काढतात, म्हणजे सालीवरचा मेणाचा थर फुटतो आणि आंतलें पाणी लवकर निघून जातें. मग शेडमधल्या जाळीच्या रॅकवर ते पसरतात. पंधरवड्याच्या आंतबाहेर माल तयार होतो. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा उतरतो. पुढें देंठ काढणें, निवडणें, प्रतवारी लावणें, आणि सांगलीच्या किंवा तासगावच्या बाजारांत सौदा. ‘सांगलीचा बेदाणा’ या नांवाला भौगोलिक मानांकनहि मिळालेलें आहे.

यांत कराचा संबंध प्रथम कोठें येतो? शेतकऱ्यापाशीं येत नाहीं. स्वतःच्या मळ्यांतला बेदाणा विकणाऱ्या शेतकऱ्यास वस्तु व सेवा कर द्यावा लागत नाहीं, हें कर-परिषदेनें २१ डिसेंबर २०२४ रोजीं जैसलमेरच्या बैठकींत स्पष्ट केलें. पण तोच बेदाणा व्यापाऱ्यानें विकत घेऊन पुढें विकला, कीं त्यावर ५ टक्के कर आहे. म्हणून आजचें भाषण शेतकऱ्यापेक्षां व्यापाऱ्यासाठीं, आणि त्यांतहि लहान व्यापाऱ्यासाठीं आहे.

आतां सीमेकडे वळूं. आमच्या तालुक्याभोंवतीं सीमांचा कधीं तोटा नव्हता. १९४८ पूर्वींचा नकाशा पाहिला, तर पूर्वेस जत संस्थान, ईशान्येस औंध संस्थानचें आटपाडी, पश्चिमेस मिरजेचीं पटवर्धनी संस्थानें आणि इंग्रजी सातारा जिल्ह्यांतलें तासगाव, दक्षिणेस इंग्रजी बेळगांव जिल्ह्यांतलें अथणी. तिजोऱ्या तितक्या, आणि प्रत्येकीचा कायदा निराळा. ८ मार्च १९४८ रोजीं हीं संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं. मुंबई इलाख्यांत सर्वसाधारण विक्रीकर १ ऑक्टोबर १९४६ पासूनच लागू झाला होता. मद्रासनें त्या आधीं, १९३९ सालीं, सुरुवात केली होती. म्हणजे विलीनीकरणानंतर कवठे महांकाळ आणि अथणी हीं दोन्हीं गांवें एका प्रांतांत, एका विक्रीकराखालीं आलीं. हा संसार आठ वर्षें टिकला. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यांची पुनर्रचना झाली, अथणी बेळगांवसह म्हैसूर राज्यांत गेलें, आणि आठवडी बाजाराच्या जुन्या वाटेवर एक नवी रेषा आली. त्या रेषेविषयीं मराठी मनांत काय आहे तें मीं सांगावयास नको. आजचा विषय तेवढा कराचा आहे.

नेमक्या त्याच काळांत सीमेपलीकडच्या विक्रीवर कोणी कर घ्यावा, याचा खटला देशांत गाजत होता. राज्यघटनेच्या २८६ व्या कलमाचा अर्थ लावतांना सर्वोच्च न्यायालयानें १९५३ सालीं, मुंबई राज्य व युनायटेड मोटर्स यांच्या दाव्यांत, असा निर्णय दिला, कीं ज्या राज्यांत माल वापरण्यासाठीं पोंचता होतो त्या राज्यास कर घेण्याचा अधिकार आहे. तत्त्व म्हणून पाहतां यांत कांहीं चूक नव्हती. जो खातो तो कर देतो, मग तो पैसा त्याच्याच गांवच्या रस्त्याला लागावा, हें न्यायाचेंच आहे. परंतु परिणाम काय झाला? कलकत्त्याचा व्यापारी दहा राज्यांत माल पाठवीत असला, तर दहा राज्यांचे अधिकारी त्याला पत्र लिहूं लागले, कीं आमच्याकडे नोंदणी करा, आमच्याकडे हिशेब दाखल करा. कलकत्त्याच्या बेंगॉल इम्युनिटी कंपनीवर असाच प्रसंग आला. ही कंपनी लसी व औषधें तयार करीत असे. बिहारमध्यें तिची कचेरी नव्हती कीं दलाल नव्हता. माल रेल्वेनें, आगबोटीनें वा विमानानें जात असे. तरीहि बिहार सरकारनें तिला नोंदणी करून कर भरण्यास फर्माविलें. कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि १९५५ सालीं न्यायालयानें आपलाच दोन वर्षांपूर्वींचा निर्णय फिरवून सांगितलें, कीं संसदेनें परवानगी दिल्याखेरीज आंतरराज्य विक्रीवर कोणत्याहि राज्यास कर घेतां येणार नाहीं.

येथें आपल्या राज्यकर्त्यांपुढें दोन वाटा होत्या. तत्त्व तेंच ठेवून कर भरण्याची जागा सोयीची करावयाची, ही एक; आणि जागा सोयीची करण्यासाठीं तत्त्वच उलटें करावयाचें, ही दुसरी. त्यांनीं दुसरी धरली. डिसेंबर १९५६ मध्यें केंद्रीय विक्रीकराचा कायदा झाला. त्या अन्वयें कर केंद्राच्या नांवाचा, पण तो वसूल करावा व ठेवून घ्यावा ज्या राज्यांतून माल निघतो त्यानें. व्यापाऱ्यास एकच कचेरी राहिली हें खरें. पण खाणाऱ्याच्या राज्याच्या हातीं कांहीं उरलें नाहीं. दर आरंभीं १ टक्का होता, वाढत वाढत १९७५ सालीं ४ टक्क्यांवर गेला, आणि २००८ सालीं २ टक्क्यांवर उतरला. दोन टक्के म्हणजे थोडे, असें वाटेल. पण पलीकडच्या खरेदीदारास हे दोन टक्के आपल्या करांतून वजा करतां येत नसत. ते किंमतींत चिकटून बसत, आणि त्यावर पुन्हा पुढचा कर लागे. भाकरीला लागलेली राख जशी घासागणिक दातांखालीं येते, तसा हा कर दर विक्रीला जाणवे.

त्याहून मोठा जाच होता तो ‘सी फॉर्म’चा. सवलतीचा दर मिळावयाचा, तर पलीकडच्या नोंदलेल्या व्यापाऱ्यानें आपल्या राज्यांतून हा फॉर्म मिळवून इकडे पाठवावयाचा. माल गेला, पैसे आले, आणि फॉर्म मात्र येत नाहीं, हा प्रकार इतका सामान्य होता कीं पेढीवरच्या दिवाणजींचें अर्धें आयुष्य फॉर्मसाठीं पत्रें लिहिण्यांत जाई. फॉर्म न आल्यास पुरा स्थानिक दर लागे, आणि तो इकडच्या विक्रेत्याच्या बोकांडीं बसे. त्याचें निर्धारण वर्षा-दोन वर्षांनीं होई. तोंवर पलीकडचा दुकानदार कित्येकदां दुकान मोडून गेलेला असे.

१ जुलै २०१७ पासून ही व्यवस्था संपली. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीनें २६९-अ हें नवें कलम आलें, आणि त्या आधारें एकात्मिक वस्तु व सेवा कर सुरू झाला. यांत नवें काय, तें आकड्यांनीं सांगतों. मास्तरकी सुटली तरी फळा सुटत नाहीं, तेव्हां श्रोत्यांनीं कागद-पेन्सिल घेतल्यास बरें.

समजा, कवठे महांकाळच्या व्यापाऱ्यानें २०० रुपये किलोनें एक हजार किलो बेदाणा विकला. किंमत २ लाख रुपये, कर ५ टक्क्यांनीं १० हजार. गिऱ्हाईक मिरजेचें असेल, तर यांतले ५ हजार केंद्राचे व ५ हजार महाराष्ट्राचे. बिलावर दोन ओळी लिहावयाच्या. गिऱ्हाईक अथणीचें असेल व माल अथणीस पोंचता करावयाचा असेल, तर बिलावर एकच ओळ: एकात्मिक कर १० हजार. ही रक्कम व्यापारी आपल्या नेहमींच्याच खात्यांत भरतो. अथणीस जावें लागत नाहीं, बंगळुरास पत्र लिहावें लागत नाहीं. पुढें अथणीच्या दुकानदारानें तोच माल किरकोळीनें २ लाख ४० हजारांस विकला. त्यावर कर १२ हजार: ६ हजार केंद्राचे, ६ हजार कर्नाटकाचे. पण त्यानें खरेदीच्या वेळीं दिलेले १० हजार त्याला वजा मिळतात, म्हणून तो रोख भरतो ते फक्त २ हजार. मग कर्नाटकाचे ६ हजार पुरे कसे झाले? केंद्र मध्यस्थ राहून, कवठ्यास जमा झालेल्या पैशांतून तेवढी रक्कम कर्नाटकाकडे वळतें करतें. हिशेबाची ही उठाठेव दोन सरकारें आपापसांत करतात. व्यापाऱ्यास तिचा पत्ताहि लागत नाहीं.

म्हणजे शेवटीं महाराष्ट्राच्या तिजोरींत या बेदाण्याचा पैसुद्धां आला नाहीं, कारण तो अथणीस खाल्ला गेला. १९५३ चें तत्त्व परत आलें, पण १९५३ चा जाच आला नाहीं. कर खाणाऱ्याच्या गांवचा, आणि खिडकी विकणाऱ्याच्या गांवांत. माल बनवून बाहेर पाठविणाऱ्या महाराष्ट्रासारख्या राज्यांना यांत खोट येणार हें उघड होतें. म्हणूनच राज्यांच्या उत्पन्नांत दरसाल १४ टक्के वाढ धरून, येईल ती तूट पांच वर्षें भरून देण्याचें केंद्रानें मान्य केलें. ती मुदत जून २०२२ मध्यें पुरी झाली.

मात्र या खिडकीशीं जाण्यास कांहीं अटी आहेत, आणि लहान व्यापारी फसतो तो येथेंच. महाराष्ट्रांतल्या महाराष्ट्रांत फक्त माल विकणाऱ्यास वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर नोंदणी सक्तीची नाहीं. ही गोष्ट सर्वांच्या तोंडीं आहे. पण करपात्र मालाची एकच खेप राज्याबाहेर विकली, तर मग उलाढाल कितीहि लहान असो, नोंदणी सक्तीची आहे. ही गोष्ट फारशी कोणाच्या तोंडीं नाहीं. तसेंच दीड कोटीच्या आंतल्या व्यापाऱ्यांसाठीं जी आपसमेळ योजना आहे, तींत राहणाऱ्यास परराज्यांत माल विकतांच येत नाहीं. जतच्या गिऱ्हाइकास विकणें आणि विजापूरच्या गिऱ्हाइकास विकणें यांत व्यापाऱ्याच्या मनानें फरक नसतो. कायद्याच्या दृष्टीनें तो असतो. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बाबतींत तर १ ऑक्टोबर २०२३ पासून बिलावर लिहिलेला पत्ता हाच मालाचा मुक्काम धरतात. म्हणून बिलावर पत्ता, निदान राज्याचें नांव, लिहिण्याचा कंटाळा करूं नये. खेप ५० हजारांवरची असल्यास गाडीबरोबर ई-वे बिल हवें.

आणि चुकून अथणीच्या बिलावर एक ओळ लिहिण्याऐवजीं मिरजेसारख्या दोन ओळी लिहिल्या तर? कर तेवढाच, फक्त खातें चुकलें. कायदा येथें कठोर नाहीं, पण सरळहि नाहीं. योग्य खात्यांत कर नव्यानें भरावा लागतो. त्यावर व्याज लागत नाहीं. आणि आधीं चुकीच्या खात्यांत भरलेला कर अर्ज करून परत मागावा लागतो. लहान माणसाचें भांडवल तेवढे महिने अडकून पडतें, हीच त्याची शिक्षा.

आतां समुद्र ओलांडूं. परदेशीं माल पाठविण्यासहि कायदा आंतरराज्य विक्रीच समजतो, म्हणून नोंदणी येथेंहि हवीच. शिवाय आयात-निर्यातीचा क्रमांक वेगळा काढावा लागतो. कर मात्र शून्य. शून्य कर आणि करमाफी या दोन गोष्टी एक नव्हेत, हें ध्यानांत घ्यावें. करमाफ मालाच्या व्यापाऱ्यास खरेदीवर दिलेला कर परत मिळत नाहीं. शून्य कराच्या निर्यातदारास खोके, छपाई, वाहतूक यांवर दिलेला करहि परत मागतां येतो. परदेशच्या माणसानें आपल्या देशाचा एक पैसाहि कर देऊं नये, असा यामागचा हेतु आहे, आणि तोहि त्याच तत्त्वांतून आलेला आहे. यासाठीं दर आर्थिक वर्षाला खात्याकडे एक हमीपत्र द्यावयाचें असतें. तें दिल्यावर कर न भरतां माल पाठवितां येतो. मात्र बिलाच्या तारखेपासून तीन महिन्यांत माल देशाबाहेर गेला पाहिजे, नाहीं तर कर व्याजासह भरावा लागतो. बंदरांत गर्दी झाली, जहाज चुकलें, या सबबी मुदतवाढ मागण्यापुरत्या उपयोगी पडतात, आपोआप नव्हे. परतावा मागण्यास मुदत दोन वर्षांची आहे.

माल रॉटरडॅमला उतरला म्हणजे तिकडचा मूल्यवर्धित कर सुरू होतो. या कराचें जन्मस्थान फ्रान्स. मोरीस लोरे या अधिकाऱ्याच्या कल्पनेवरून १० एप्रिल १९५४ रोजीं तेथें त्याचा कायदा झाला. प्रत्येक टप्प्यावर कर घ्यावयाचा, पण आधींच्या टप्प्यावर दिलेला वजा द्यावयाचा, ही अथणीच्या दुकानदारानें वापरलेली युक्ति तीच. आज युरोपीय संघाच्या सर्व देशांत हा कर आहे. दर मात्र ज्याचा त्याचा. सर्वसाधारण दर लक्झेंबर्गमध्यें १७ टक्के आहे, हंगेरींत २७. बेदाण्यासारख्या खाद्यवस्तूवर फ्रान्समध्यें साडेपांच, जर्मनींत ७, नेदरलंड्समध्यें ९, तर डेन्मार्कमध्यें सरसकट २५ टक्के.

घाऊक व्यापाऱ्यास माल दिला, तर आपल्या माणसाला यांची चिंता नसते. तेथला आयातदार आयातशुल्क व कर भरतो आणि कर पुढें वजा करून घेतो. फक्त सौद्याच्या कागदावर ‘डी. डी. पी.’ हीं तीन अक्षरें आहेत काय, तें पाहून सही करावी. त्यांचा अर्थ असा, कीं शुल्क व कर भरून माल दारांत पोंचविण्याची जबाबदारी विकणाऱ्याची. भाव चांगला मिळतो म्हणून या अक्षरांवर सही करणारा लहान निर्यातदार नकळत नेदरलंड्सचा करदाता होऊन बसतो.

युरोपांतले देश एकमेकांशीं हा प्रश्न कसा सोडवितात, तें पाहण्यासारखें आहे. १ जानेवारी १९९३ पासून संघांतर्गत सीमांवरचे जकातनाके उठले. मग कर कोठें घ्यावयाचा? त्यांनीं ठरविलें, कीं नोंदलेल्या व्यापाऱ्यानें दुसऱ्या देशांतल्या नोंदलेल्या व्यापाऱ्यास माल विकला, तर विकणाऱ्यानें शून्य कर लावावा आणि घेणाऱ्यानें आपल्या देशांत भरावा. मात्र घेणाऱ्याचा कर-क्रमांक खरा आहे कीं नाहीं, हें विकणाऱ्यानें पडताळावें. ही व्यवस्था तात्पुरती होती. चार वर्षांनीं, म्हणजे १९९७ पासून, जेथून माल निघेल तेथेंच कर घेण्याची कायमची पद्धत यावयाची होती. आपल्या केंद्रीय विक्रीकरासारखीच म्हणाना. ती कधींच आली नाहीं. दर निरनिराळे असल्यामुळें कोणाचें कोणाशीं जमेना, आणि पुढें तो विचारच सोडण्यांत आला. तात्पुरत्या व्यवस्थेला तीस वर्षें उलटून गेलीं. आपल्याकडे तात्पुरत्या पत्र्याच्या शाळाखोल्या अशाच दीर्घायुषी असतात.

राहिला तो घरगुती गिऱ्हाइकाचा प्रश्न, आणि लहान दुकानदाराचें खरें गिऱ्हाईक तेंच. टपालानें परदेशीं माल विकणाऱ्यास २०२१ पर्यंत प्रत्येक देशाची मर्यादा निराळी होती, कोठें ३५ हजार युरो, कोठें १ लाख. ती ओलांडली कीं त्या त्या देशांत नोंदणी. म्हणजे बेंगॉल इम्युनिटी कंपनीचीच कथा, फक्त पाटण्याच्या जागीं पॅरिस. १ जानेवारी २०१५ पासून डिजिटल मालासाठीं तर मर्यादाच काढून टाकली होती. घरीं बसून एखादी पुस्तिका विकणाऱ्या बाईनें दुसऱ्या देशांत एक प्रत विकली, तरी तिला त्या देशाचा दर शोधून कर भरणें आलें. ओरड झाली. हिशेब एके ठिकाणीं देण्याची सोय होती, पण लहानाला तीहि जड होती. अखेर २०१९ पासून १० हजार युरोंची सूट आली. १ जुलै २०२१ पासून हीच रीत मालालाहि लागू झाली. परदेशांतल्या घरगुती गिऱ्हाइकांना सर्व मिळून वर्षाला १० हजार युरोंपर्यंत विक्री असेल, तर आपल्याच देशाचा कर. त्यापुढें गिऱ्हाइकाच्या देशाचा कर, परंतु सर्व देशांचा एकच त्रैमासिक तक्ता, आपल्याच देशाच्या खात्याकडे. यालाच तिकडे ‘वन स्टॉप शॉप’ म्हणतात. आपण एक खिडकी म्हणूं. नेदरलंड्समध्यें किराण्याचें लहानसें दुकान चालविणारें एखादें मराठी कुटुंब जर्मनींतल्या गिऱ्हाइकांस बेदाणा पाठवील, तर तें याच खिडकीशीं जाईल. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून, संघभर मिळून १ लाख युरोंच्या आंत उलाढाल असणाऱ्या तेथल्या लहान व्यावसायिकांना, इतर देशांनीं आपल्या लहानांना दिलेली करमाफीहि अटींवर मागतां येते.

परंतु ही सवलत संघांत घर असलेल्यांची. कवठे महांकाळहून थेट गिऱ्हाइकाच्या नांवें पार्सल पाठविणाऱ्याचें काय? माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें दोन वर्षांपूर्वीं हा उद्योग आरंभिला. पाव-पाव किलोचीं सुबक पाकिटें, वर द्राक्षाचा घड छापलेला. जर्मनींतल्या घरांतून मागण्या आल्या. माल वेळेवर पोंचला. पण दारांत पोंचविणाऱ्यानें कर आणि वर हाताळणीचें शुल्क मागितलें. वीस युरोंच्या बेदाण्यावर ७ टक्क्यांनीं कर दीड युरोहि होत नाहीं. शुल्क मात्र त्याच्या कित्येक पट. कांहीं गिऱ्हाइकांनीं पार्सल घेण्याचें नाकारलें, आणि त्या मालाचे पैसे विद्यार्थ्यानें परत केले. त्याचा बेदाणा वाईट नव्हता, भावहि वाजवी होता. पण खिडकी उघडलेली नव्हती, एवढेंच.

ती खिडकी अशी आहे. १५० युरोंपर्यंतच्या पार्सलासाठीं २०२१ पासून आयातीची वेगळी एक खिडकी योजना आहे. (त्यापूर्वीं २२ युरोंपर्यंतच्या पार्सलावर करच नसे, आणि म्हणून जगांतला पुष्कळसा माल कागदोपत्रीं २२ युरोंच्या आंतलाच असे.) या योजनेंत विकणारा विक्रीच्या वेळींच गिऱ्हाइकाच्या देशाच्या दरानें कर घेतो, पार्सलाच्या कागदांत आपला क्रमांक कळवितो, आणि महिन्याचा एक तक्ता भरतो. मग दारांत कर मागत नाहींत. अडचण एवढीच, कीं संघाबाहेरच्या, म्हणजे आपल्यासारख्या, विक्रेत्यास तेथला एक अधिकृत मध्यस्थ नेमावा लागतो, आणि मध्यस्थाचें मोल महिन्याला पांच-दहा पार्सलें पाठविणाऱ्यास परवडेल असें क्वचितच असतें. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेमार्फत विकल्यास हा कर गोळा करण्याची जबाबदारी त्या बाजारपेठेवर येते. दलाली जाते, पण गिऱ्हाईक हिरमुसत नाहीं. माझ्या विद्यार्थ्यानें शेवटीं हाच मार्ग पत्करला. माझा स्वतःचा कल विचाराल, तर आठ-दहा लहान व्यापाऱ्यांनीं एकत्र येऊन, एका नांवानें विकून, एकच मध्यस्थ नेमण्याकडे आहे. द्राक्षें पिकविणाऱ्यांनीं आमच्या जिल्ह्यांत संघ काढून दाखविले आहेत. पाकिटें विकणाऱ्यांनीं कां काढूं नयेत?

ब्रिटन आतां या घरांत नाहीं. २०२१ पासून त्याचा हिशेब स्वतंत्र असून १३५ पौंडांपर्यंतचा माल तेथल्या घरगुती गिऱ्हाइकास थेट विकणाऱ्यास तिकडे नोंदणी करावी लागते. फक्त उत्तर आयर्लंड मालापुरतें युरोपच्या नियमांत आहे.

आतां ज्यांचा व्यापाराशीं संबंध नाहीं, पण मुलगा किंवा सून तिकडे आहे, अशा घरांसाठीं थोडें. एका घरानें दुसऱ्या घरास, मोबदला न घेतां, भेट म्हणून पाठविलेल्या ४५ युरोंपर्यंतच्या पार्सलावर संघांत कर व शुल्क नाहीं. वर ‘भेट’ असें लिहावें, आंतल्या वस्तूंची यादी व खरी किंमत द्यावी. आणि पाठविणाऱ्याचें नांव माणसाचें असावें, दुकानाचें नसावें. बेदाणा पाठविणें तसें सोपें. पेढे किंवा बासुंदीचा डबा मात्र त्यांत घालूं नये. दुधाचे व मांसाचे पदार्थ बाहेरच्या देशांतून खाजगी पार्सलानें आणूं देत नाहींत, आणि त्यापायीं बेदाण्याचें पाकीटहि अडकून पडतें.